जखम बुजू नये म्हणून

जखम लवकर भरून यावी म्हणून माणूस काय काय करतो! हळद दाबतो, पट्टी बांधतो, आंबट-तेलकट बंद करतो. पण शरीरात एक जागा अशी आहे, की तिथे डॉक्टरने दिलेली चीर चार दिवसांत छान भरून आली तर दुखणं परत उलटण्याची भीती वाढते. तिथलं खरं कसब चीर देण्यात नाही, ती बुजू न देण्यात आहे.

ही जागा योनिद्वाराच्या अगदी कडेला आहे आणि तिथे होणाऱ्या गळवाला म्हणतात बार्थोलिन ग्रंथीचं गळू. शंभरातल्या साधारण दोघींना आयुष्यात कधीतरी या ग्रंथीची गाठ किंवा गळू होतं. त्यातल्या बहुतेक जणी विशी-तिशीतल्या असतात. एका बाजूला सूज येते, दोन-चार दिवसांत ती ताणली जाऊन लालबुंद होते. धड बसता येत नाही, पाय जवळ घेऊन चालता येत नाही आणि रात्रभर ठणका सुरू राहतो. दवाखान्यात चीर देऊन पू काढला की बघता बघता हलकं वाटतं. गोष्ट इथे संपायला हवी. पण काही जणींच्या बाबतीत ती काही महिन्यांनी त्याच बाजूला, त्याच जागी पुन्हा सुरू होते. पुन्हा चीर, पुन्हा गोळ्या, पुन्हा काही महिने शांतता.

असं का होतं, याची उत्तरं घरीदारी तयार असतात. अंगात उष्णता वाढली, स्वच्छता कमी पडली, रक्तच खराब आहे. खरं कारण भलतीकडेच आहे. अशा मुलीचं शरीर जखम भरण्याचं काम फार चोख करतं आणि गळू परत येतं ते बहुतेकदा त्यामुळेच!

आधी ती ग्रंथी बघू. बार्थोलिन ग्रंथी दोन असतात, योनिद्वाराच्या मागच्या भागात डावीकडे एक आणि उजवीकडे एक. डॉक्टर त्यांची जागा घड्याळाच्या भाषेत सांगतात: चारच्या आणि आठच्या आकड्यावर. प्रत्येकीचा आकार जेमतेम अर्धा सेंटिमीटर. निरोगी असताना त्या बोटाला लागत नाहीत की डोळ्यांना दिसत नाहीत. बहुतेक स्त्रियांचं अख्खं आयुष्य त्यांचा पत्ता न लागता जातं. प्रत्येक ग्रंथीतून दोन-अडीच सेंटिमीटर लांबीची बारीक नलिका निघते आणि योनिद्वाराशी उघडते. ग्रंथी थेंब थेंब बुळबुळीत स्राव तयार करते, नलिका तो बाहेर सोडते.

या थेंबांचं महत्त्व किती, याबद्दलची समजूतही बदलत गेली. समागमाच्या वेळचा ओलावा प्रामुख्याने याच ग्रंथींतून येतो, असं वैद्यक बराच काळ धरून चाललं होतं. अमेरिकेत विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष निरीक्षणं केली आणि १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिलं, की तो ओलावा मुख्यतः योनीच्या भिंतींतूनच पाझरतो. बार्थोलिन ग्रंथींचा वाटा अगदीच थोडा. ग्रंथी लहान, तिचं काम लहान. पण तिच्या नलिकेचं तोंड बंद झालं की धडधाकट मुलगी अंथरुणाला खिळते.

वयात आल्यावर या ग्रंथी कामाला लागतात आणि पाळी जायच्या सुमारास आक्रसलेल्या असतात. स्राव जेव्हा भरपूर, तेव्हाच तो तुंबण्याची शक्यता जास्त. हा त्रास तरुणींच्याच वाट्याला का येतो, याचं मोठं कारण हे.

ग्रंथीला नाव मिळालं ते कोपनहेगनच्या एका घराण्यावरून, आणि त्या घराण्याची हकिगत ऐकली तर थक्क व्हायला होतं. कास्पार बार्थोलिन याने १६७७ मध्ये या ग्रंथींचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता. पॅरिसमध्ये द्युव्हर्ने या शरीररचनाशास्त्रज्ञाने गाईच्या शरीरात अशा ग्रंथी पाहिल्या होत्या. तो धागा धरून कास्पारने त्या स्त्रीच्या शरीरात दाखवल्या. त्याच्या आजोबांचं नावही कास्पारच. त्यांनी १६११ मध्ये लिहिलेलं शरीररचनेचं पाठ्यपुस्तक पुढे युरोपात गाजलं. वडील थॉमस यांनी १६५०च्या दशकात माणसाच्या शरीरातल्या लसीकावाहिन्यांची व्यवस्था मांडली. काका रास्मुस यांनी १६६९ मध्ये आइसलँडच्या एका पारदर्शक स्फटिकातून पाहिलं तर एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, हे नोंदवलं. याच रास्मुसचा शिष्य आणि पुढे जावई झालेला ओले रोमर, याने १६७६ मध्ये गुरू ग्रहाच्या उपग्रहाच्या ग्रहणांचा हिशेब मांडून दाखवलं, की प्रकाशाला पोचायला वेळ लागतो. आणि पणजोबा थॉमस फिंके? त्यांनी १५८३ मध्ये गणितात 'टँजंट' हा शब्द आणला. दहावीतली मुलं आजही ज्या 'टॅन'ची सूत्रं घोकतात, तोच हा. एका वर्षी प्रकाशाचा वेग आणि पुढच्या वर्षी अर्ध्या सेंटिमीटरची ग्रंथी, दोन्ही एकाच गोतावळ्यात!

या मंडळींचा एक ध्यास होता. ग्रंथी सापडली की तिची नलिका शोधायची आणि नलिका सापडली की ती कुठे उघडते ते शोधायचं. थॉमस बार्थोलिन यांचा विद्यार्थी निल्स स्टेन्सेन याने गालातल्या लाळग्रंथीची नलिका शोधली. कास्पारने पुढे जिभेखालच्या लाळग्रंथीच्या नलिकेचं वर्णन केलं आणि तिलाही त्याचंच नाव मिळालं. ग्रंथीइतकंच तिचं तोंड महत्त्वाचं, ही त्यांची दृष्टी. तीनशे वर्षांनी गळवाचं कोडं सुटलं तेही याच दृष्टीने.

हे तोंड बंद का होतं? कधी स्राव घट्ट होतो, कधी आजूबाजूला सूज असते, कधी बाळंतपणात घातलेल्या टाक्यांचा वण आड येतो. पुष्कळदा ठोस कारण हाती लागत नाही. स्राव मात्र बनत राहतो. त्याला बाहेर जायला वाट नसते, म्हणून नलिका मागच्या मागे फुगते आणि एक ते तीन सेंटिमीटरची, न दुखणारी गाठ तयार होते. तरुण वयात अशी लहान गाठ त्रास देत नसेल, तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. तिथे जंतू शिरले की चित्र पालटतं. काही जणींना आधी गाठ जाणवतही नाही, थेट गळूच होतं.

हे जंतू येतात कुठून? एके काळी अशा गळवाचं खापर गनोरिया या लैंगिक आजारावर फुटायचं. त्यामुळे गळू झालेल्या बाईकडे आणि तिच्या नवऱ्याकडे संशयाने पाहिलं जायचं. आज गळवातला पू तपासायला पाठवला तर सर्वांत जास्त वेळा सापडतो तो ई-कोलाय. आपल्याच आतड्यात राहणारा, लघवीच्या संसर्गामागेही बहुधा असणारा हा जंतू. त्याच्यासोबत त्वचेवरचे आणि योनीत एरवीही राहणारे इतर जंतू असतात. गनोरिया किंवा क्लॅमिडिया काही वेळा सापडतात, म्हणून गरजेप्रमाणे त्यांचीही तपासणी करतात. पण गळू झालं म्हणजे लैंगिक आजार झाला, हे समीकरण मोडीत निघालं आहे. कधीही शरीरसंबंध न आलेल्या मुलीलाही हे गळू होऊ शकतं.

जंतू शिरल्याची वर्दी मिळताच रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल, तिकडे धाव घेतात. जंतू गिळतात, मारतात आणि स्वतःही मरतात. मेलेल्या पेशी, मेलेले-जिवंत जंतू आणि विरघळलेल्या ऊती यांचं मिश्रण म्हणजे पू. शरीर त्याच्याभोवती भिंत उभारतं, म्हणजे जंतू तिथेच कोंडले जातात आणि रक्तात पसरत नाहीत. योजना उत्तम आहे, पण तिची एक किंमत आहे. कोंडलेल्या पुवात रक्तवाहिन्या नसतात. गोळीतलं औषध रक्तातून प्रवास करतं, त्यामुळे ते भिंतीपाशी पोचतं पण आत पुरेसं शिरत नाही. आत प्राणवायू कमी, आम्लता जास्त. अशा ठिकाणी काही अँटिबायोटिक्सचा जोरही कमी पडतो. औषधाच्या दुकानातून आणलेल्या पाच दिवसांच्या कोर्सने ठणका थोडा उतरतो, गळू मात्र जागचं हलत नाही, ते म्हणूनच. ताप असेल, लाली आजूबाजूला पसरत असेल, मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर अँटिबायोटिक हवंच. पण ते पू काढण्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही.

पिकलेल्या गळवाला वाट करून द्यायची, हे शस्त्रवैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सूज कच्ची आहे, पिकते आहे की पिकली आहे हे ओळखण्यासाठी अख्खा अध्याय आहे. कच्ची सूज कापणारा आणि पिकलेली तशीच ठेवणारा, अशा दोन्ही वैद्यांवर तिथे कडक ताशेरे आहेत. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोलाची सूचना त्याच ग्रंथात अन्यत्र आहे. चीर दिल्यावर व्रण धुवावा आणि त्यात तिळाचा कल्क, मध व तूप लावलेली वात ठेवावी, असं सुश्रुत सांगतो. पुढे बजावतो, की आत दोष शिल्लक असताना घाई करून व्रण भरून आणू नये. तसं केलं तर थोड्याशा कुपथ्यानेही तो आत पोकळी करून पुन्हा उठतो. बार्थोलिन ग्रंथीशी त्याचा काही परिचय नव्हता. पण वरून भरलेली आणि आत पोकळ राहिलेली जखम किती फसवी असते, हे त्याने नेमकं हेरलं होतं.

आता चीर दिल्यावर तिथे घडतं काय, ते पाहू. पू वाहून जातो, ताण उतरतो. पण मूळ दुखणं पुवाचं नव्हतंच, ते नलिकेच्या बंद तोंडाचं होतं. ते अजून बंदच आहे. सध्या स्राव बाहेर पडतोय तो चिरेच्या वाटेने, आणि ही चीर आहे ताजी जखम. तिच्या कडांवरच्या पेशी लगेच कामाला लागतात.

त्वचेच्या किंवा आतल्या नाजूक आवरणाच्या पेशींना एरवी चहूबाजूंनी शेजारी असतात. चीर पडली की कडेच्या पेशींचा एका बाजूचा शेजार तुटतो. मग त्या पसरतात, सरपटतात, रिकाम्या जागेवरून पुढे सरकतात. समोरून येणाऱ्या आपल्यासारख्याच पेशींना टेकल्या की थांबतात. पेशींच्या या वागण्याचा पाया समजला तो लंडनमध्ये. १९५३ मध्ये मायकेल अबरक्रॉम्बी आणि जोन हेजमन यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातले तुकडे काचेवर वाढवले आणि त्यांतून बाहेर सरकणाऱ्या पेशी एकमेकींना भिडल्यावर कशा थबकतात हे मोजून दाखवलं. आपल्या शोधनिबंधांच्या मालिकेला त्यांनी पेशींचं सामाजिक वर्तन असं नाव दिलं होतं. पेशीला मेंदू नाही, डोळे नाहीत, नकाशा नाही. शेजारी आहे की नाही, एवढीच बातमी तिला कळते, आणि तेवढ्यावर ती जखम मिटवते.

योनिद्वाराचा भाग रक्ताने समृद्ध आहे, तिथल्या जखमा भराभर भरतात. तिथे दिलेली चीर काही दिवसांत मिटते. कडा भेटतात, पेशी निवांत होतात. खाली नलिकेचं तोंड तसंच बंद आहे आणि ग्रंथी पुन्हा थेंब थेंब स्राव बनवू लागली आहे. पुढच्या गळवाची तयारी सुरू झालेली असते.

मग पेशींना फसवायचं कसं? उत्तर आपल्याकडे घरोघरी पिढ्यान् पिढ्या माहीत आहे, फक्त वेगळ्या कामासाठी. बाळाचे कान टोचताना सोनार नुसतं भोक पाडून सोडत नाही, लगेच त्यात तार घालतो. तार नसती तर भोक मिटलं असतं. तार मध्ये असल्यामुळे दोन्ही कडांच्या पेशी एकमेकींना भेटू शकत नाहीत. त्या तारेच्या कडेकडेने आत उतरतात आणि भोकाला आतून कातडीचं अस्तर लावतात. अस्तर पुरं झालं की उघडी कडच उरत नाही. प्रत्येक पेशीला शेजारी मिळालेला असतो, त्यामुळे भोक मिटवायचं कुणाला कारणच राहत नाही. जखम भरलेली असते आणि भोकही शाबूत असतं.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले डॉक्टर ब्यूफर्ड वर्ड यांनी नेमकी हीच युक्ती गळवाला लावली. १९६४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांनी आपल्या लहानशा साधनाचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याला आज वर्ड कॅथेटर म्हणतात. सुमारे अडीच-तीन सेंटिमीटरची रबरी नळी, टोकाला इवलासा फुगा. जागा बधिर करायची, आतल्या ओलसर बाजूने तीन ते पाच मिलिमीटरची चीर द्यायची, पू काढायचा, नळी आत सरकवायची आणि सुईने दोन-तीन मिलिलिटर सलाइन भरून फुगा फुगवायचा. फुगा आत अडकतो, म्हणून नळी निसटत नाही. तिचं बाहेरचं टोक योनीत खोचून ठेवतात, त्यामुळे ते कपड्याला घासत नाही. पूर्ण भूल लागत नाही, ऑपरेशन थिएटर लागत नाही. मुलगी उठून घरी जाते.

यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे नंतरची वाट बघणं. नळी तिथे साधारण चार आठवडे राहते. बाहेरून काही घडताना दिसत नाही, पण आत नळीच्या कडेने पेशींची रांग उतरत असते. चार आठवड्यांनी फुगा रिकामा करून नळी काढली की मागे उरते आतून अस्तर लागलेली वाट. ग्रंथीला नवं तोंड मिळतं. जुनं तोंड उघडायच्या भानगडीत कुणी पडलेलंच नसतं. ही नळी आठवड्याभरात गळून पडली, तर मात्र अस्तर अर्धवट राहतं आणि चीर मिटू शकते. म्हणून तिची चीर मुद्दाम लहान ठेवतात. मोठी चीर म्हणजे सुटसुटीत काम, असं पाहणाऱ्याला वाटेल, पण त्यातून फुगा सहज घसरून येतो. वर्ड कॅथेटर सगळीकडे मिळत नाही. जिथे तो नसतो तिथे काही डॉक्टर लघवीसाठी वापरतात त्या फोली कॅथेटरचा लहान आकार वापरून तेच तत्त्व साधतात.

दुसरा मार्ग सुईदोऱ्याचा. त्याला मार्सुपियलायझेशन म्हणतात आणि तो १९५०च्या आसपास रूढ होऊ लागला. यात दीड-दोन सेंटिमीटरची चीर देऊन पोकळी उघडतात आणि पोकळीच्या भिंतीची कड बाहेरच्या आवरणाच्या कडेला विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवून टाकतात. नळीच्या उपायात पेशींना अस्तर लावायला चार आठवडे द्यावे लागतात. इथे शल्यचिकित्सक आतलं अस्तर बाहेरच्या आवरणाला तिथल्या तिथे जोडून देतो. उघडी कड उरत नाही, म्हणजे पेशींना सरपटायला निमित्त उरत नाही. हे उघडलेलं तोंड पुढे आक्रसून बारीक होतं, पण सहसा बंद होत नाही. जिभेखालच्या लाळग्रंथीचा स्राव साचून तिथे जी निळसर फुगवटी येते, तिच्यावरही हीच शस्त्रक्रिया करत आले आहेत. तिथल्या नलिकेलाही त्याच कास्पारचं नाव असावं, हा योगायोग मजेदार आहे.

नळी चांगली की टाके? नेदरलँड्स आणि इंग्लंडमधल्या रुग्णालयांनी मिळून ही तुलना केली. दीडशेहून अधिक स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं आणि वर्षभर पाहिलं. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नळीच्या गटात १२ टक्के स्त्रियांना त्रास उलटला, टाक्यांच्या गटात १० टक्के. म्हणजे जवळपास सारखंच. फरक होता तो सोयीत. निदान झाल्यापासून उपचार होईपर्यंत नळीवाल्यांना तासभर लागला, टाकेवाल्यांना चार तास. पहिल्या चोवीस तासांत वेदनाशामक घ्यावं लागलेल्यांचं प्रमाण नळीच्या गटात ३३ टक्के आणि टाक्यांच्या गटात ७४ टक्के होतं.

एवढं करूनही एखादीला गळू उलटतच राहिलं तर शेवटी ग्रंथी काढून टाकण्याचा पर्याय असतो. ऐकायला हा सगळ्यात सोपा वाटतो: ग्रंथीच नाही तर गळू कुठून? पण ग्रंथीला लागूनच रक्ताने भरलेल्या स्पंजासारख्या ऊती आहेत, शस्त्रक्रियेत बराच रक्तस्राव होऊ शकतो. नंतर वण दुखणं, त्या बाजूला कोरडेपणा वाटणं, अशा तक्रारी राहू शकतात. म्हणून हे काम संसर्ग पूर्ण निवल्यावर, भूल देऊन, हातखंडा असलेल्या डॉक्टरकडेच व्हावं. चाळिशीनंतर अशी गाठ पहिल्यांदाच आली तर हिशेब वेगळा असतो. त्या वयात क्वचित कर्करोग दडलेला असू शकतो, म्हणून डॉक्टर तुकडा काढून तपासायला पाठवतात.

वारंवार होणारं प्रत्येक गळू या ग्रंथीचंच असतं असंही नाही. जांघेत, काखेत, स्तनांखाली, योनीच्या बाहेरच्या ओठांवर आलटून पालटून गाठी येत असतील, त्या फुटून जागोजागी वण आणि कातडीखाली बोगदे तयार होत असतील, तर तो हायड्राडेनायटिस सप्युराटिव्हा हा वेगळा आजार असू शकतो. तो बहुधा वयात आल्यानंतरच सुरू होतो. युरोप-अमेरिकेत तो पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. नावावरून घर्मग्रंथींचा वाटला, तरी तो सुरू होतो केसाच्या मुळाशी, तिथलं तोंड बंद होऊन. मूळ दोष दाहाचा असतो, म्हणून नुसती चीर देऊन तो आटोक्यात येत नाही. दरवेळी 'केसतोड झाली' म्हणून सोडून दिल्याने अनेक जणींचं निदान कित्येक वर्षं लांबतं. यात त्वचारोगतज्ज्ञाची गरज लागते. सिगारेट सोडणं आणि वजन कमी करणं यांचा उपयोग होतो. २०१५ पासून अडालिम्युमॅब हे दाह शमवणारं इंजेक्शन अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालेलं आहे. जुन्या बोगद्यांवर एक शस्त्रक्रिया करतात. बोगद्याचं छत काढून टाकतात आणि जखम शिवायची सोडून उघडी ठेवतात, तळापासून भरू देतात. आजार निराळा, पण घाईने बुजवू नका हा धडा तोच.

आता या दुखण्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी आपल्याकडे म्हण आहे. जावई नसला तरी संकोच असतोच. मुलगी आईला सांगायला दोन दिवस घेते, आई ओळखीच्या बाईला विचारते, मग पोटीस बांधून पाहतात, मग दुकानातल्या गोळ्या. तोवर आठवडा जातो. लग्न न झालेल्या मुलींच्या घरात तर तपासणीचीच धास्ती असते. तपासणी बाहेरूनच, नजरेने आणि बोटाने होते. ही ग्रंथी गर्भाशयापासून आणि स्त्रीबीजकोशांपासून दूर आहे. तिच्या गळवाचा पाळीशी किंवा पुढे मूल होण्याशी संबंध नाही. सतत साबणाने किंवा जंतुनाशकाने धुतल्यानेही ते टळत नाही, उलट तिथली नाजूक कातडी चरचरते. घरी करण्यासारखं एवढंच आहे: दिवसातून काही वेळा दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसायचं. त्याने ठणका कमी होतो आणि कधी गळू आपोआप फुटून वाहतं. ते दाबायचं नाही, सुईने टोचायचं नाही. आपोआप फुटलं, बरं वाटलं, तरी एकदा दाखवून घ्यावं, कारण ती फुटलेली वाटही अशीच मिटणार असते. ताप, थंडी वाजणं किंवा झपाट्याने पसरणारी लाली दिसली तर थांबू नये. मधुमेह असेल तर मुळीच नाही. गळवं वारंवार होणाऱ्या प्रत्येकीने रक्तातली साखर एकदा तपासलेली बरी.

डॉक्टरकडे जाताना बाजू, तारीख आणि दर वेळी केलेला उपचार कागदावर लिहून न्यावा. गळू प्रत्येक वेळी एकाच बाजूला येतं का, पू काढल्यावर नळी ठेवली होती का, ती किती दिवस राहिली, या तीन गोष्टींवरून डॉक्टरला पुढचा निर्णय घेणं सोपं जातं. आणि तिनेही एक प्रश्न जरूर विचारावा: "पू काढाल, पण वाट उघडी राहावी म्हणून काय करणार?" या प्रश्नात काही उद्धटपणा नाही. चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे त्याचं उत्तर असतं, नळीचं किंवा टाक्यांचं. त्या दवाखान्यात ती सोय नसेल तर ती कुठे आहे हे ते सांगू शकतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेलाही नुसती चीर आणि गोळ्यांवर बोळवण होत असेल, तर तो उपचार अर्धाच आहे. उरलेला अर्धा तिने मागून घ्यावा.